लिफ्ट केलेल्या गाडीला टायर कोणता: २८५/७० की ३१५/७०?

वळणवाट

नमस्कार. माझी गाडी लॅडर फ्रेम चॅसिसची असून पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे अखंड एक्सल आहे. मूळ टायर २६५/७० आर १७ मापाचे आहेत, रिम साडेसात इंच रुंद आणि अधिक ३० ऑफसेटचे (रिम हबला टेकते ती बाजू रिमच्या मध्यरेषेपासून ३० मिलिमीटर बाहेर) आहेत आणि डिफरन्शियलचे (एक्सलमधल्या गिअरचे) गुणोत्तर ३.९० आहे. पुढे-मागे लांब स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉक ॲब्सॉर्बर बसवून गाडी सुमारे ५० मिलिमीटर उचलून घेतली आहे. टायर आता झिजत आले असल्यामुळे नवे घेतानाच मोठे घ्यावेत, असा विचार आहे.

जिथे विचारावे तिथे एकच ठोकताळा ऐकायला मिळतो: दोन इंच लिफ्टला तेहतीस इंची टायर आणि चार इंच लिफ्टला पस्तीस इंची. तेहतीसच्या जवळ २८५/७० आर १७ येतो, तर पस्तीसच्या जवळ ३१५/७० आर १७. मला दिसायला ३१५ आवडतो, हे आधीच मान्य करतो. परंतु गाडी आठवडाभर डांबरी रस्त्यावर चालते आणि सुट्टीच्या दिवशी दगडधोंड्यांच्या वाटांवर, नदीपात्रात आणि पावसाळ्यात चिखलात जाते. हा ठोकताळा कितपत विश्वासार्ह आहे, आणि टायरबरोबर रिमही बदलावे लागतील का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शेवटचा_धक्का

हा ठोकताळा गाडी सपाट जमिनीवर स्थिर उभी असताना खरा वाटतो, आणि तिथेच त्याचा उपयोग संपतो. लांब स्प्रिंग बसवल्याने गाडीची उभी राहण्याची उंची वाढते. पण चाक खड्ड्यातून किंवा दगडावरून वर ढकलले जाते तेव्हा ते कुठपर्यंत वर जाऊ शकते, हे स्प्रिंग ठरवत नाही, बंप स्टॉप, म्हणजे चाकाची वरची हालचाल अडवणारा ठोकळा, ठरवतो. बंप स्टॉप मूळचाच असेल, तर पूर्ण दाबाच्या क्षणी चाकाचे केंद्र लिफ्टच्या आधी जिथे पोहोचत होते, नेमके तिथेच आताही पोहोचणार. म्हणजे ज्या क्षणी टायर कमानीला घासण्याची भीती सर्वाधिक असते, त्या क्षणी तुमचे ५० मिलिमीटर अस्तित्वातच नसतात. टायरचा आकार ठरवायचा तो पूर्ण दाब आणि पूर्ण वळवलेले स्टिअरिंग या दोन गोष्टी एकत्र येतील तेव्हा. उभ्या गाडीच्या कमानीत किती बोटे जातात हे पाहून नव्हे.

त्यासाठी आधी आकडे मांडू. मूळ टायरचा व्यास सुमारे ८०३ मिलिमीटर आहे: २६५ चे ७० टक्के म्हणजे १८५.५ ही साइडवॉलची उंची, तिची दुप्पट ३७१, अधिक १७ इंच रिमचे ४३१.८. याच रीतीने २८५/७० चा व्यास ८३१ भरतो आणि ३१५/७० चा ८७३. त्रिज्येतील वाढ पाहिली तर २८५ मध्ये १४ मिलिमीटर आणि ३१५ मध्ये ३५ मिलिमीटर. मागच्या एक्सलचा गोळा जमिनीपासून वर जाणार तो एवढाच, कारण लिफ्टने चॅसिस आणि बॉडी उचलली जाते, एक्सल नाही. मोठ्या टायरचा खरा फायदा हा आहे, आणि कमानीत टायरला लागणारी जास्तीची जागाही तेवढीच आहे.

आता रिम. साडेसात इंची रिमवर २८५/७० नियमानुसार बसतो. ३१५/७० ला किमान आठ इंच रुंदी लागते, त्यामुळे तो निवडल्यास नवे रिम ओघाने आलेच. नवे रिम घेताना बहुतेक जण शून्य ऑफसेटचे घेतात, कारण चाके बाहेर आलेली दिसायला रुबाबदार वाटतात. अधिक ३० वरून शून्यावर आलात की चाक ३० मिलिमीटर बाहेर सरकते. त्यात २८५ च्या जादा रुंदीचे १० मिळवा, की टायरची बाहेरची कड ४० मिलिमीटर बाहेर गेली. आतल्या बाजूला वरच्या कंट्रोल आर्मपासून २० मिलिमीटर जास्त मोकळीक मिळते हे खरे, पण स्टिअरिंग वळवताना टायर आता मोठ्या वर्तुळात फिरतो आणि बंपरच्या कोपऱ्याला किंवा कमानीच्या मागच्या भागाला गाठतो. शिवाय व्हील बेअरिंगवरचा ताण वाढतो, आणि एकच चाक दगडावर आदळले की स्टिअरिंगला बसणारा हिसकाही वाढतो. मूळ रिमवर २८५ बसवलात तर आतली कड फक्त १० मिलिमीटरने आर्मच्या जवळ जाईल. तिथे जागा असेल तर रिम बदलण्याचे कारण मला दिसत नाही. अगदीच कमी पडली तर अधिक २० ऑफसेटचा रिम हा मधला मार्ग आहे.

प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही. हव्या त्या मापाचे एक चाक कुणाकडून तरी मागून आणा. पुढच्या शॉकवरची स्प्रिंग योग्य अवजाराने काढून घ्या, कारण दाबलेली स्प्रिंग जीवघेणी ठरू शकते. हे काम गॅरेजमध्येच करून घेतलेले बरे. मग चॅसिस भक्कम स्टँडवर ठेवून चाकाखाली जॅक लावा, चाक बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर उचला आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. जिथे घासते तिथे खूण करा. बंप स्टॉप रबराचा असतो आणि जोराच्या धक्क्यात आणखी दबतो, म्हणून किमान १५ ते २० मिलिमीटर अंतर राहिले पाहिजे.

तळाचा_गिअर

वर सांगितले आहे ते मापापुरते योग्यच आहे. परंतु टायर बसणे वेगळे आणि गाडीला तो झेपणे वेगळे. प्रश्नकर्त्यांनी ३.९० हे गुणोत्तर दिले आहे, त्यावरून हिशेब सरळ निघतो. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो, म्हणजे डिफरन्शियलचे गुणोत्तर कमी केल्यासारखाच परिणाम होतो. २८५ बसवल्यास ३.९० चे प्रत्यक्षात सुमारे ३.७७ होते, ३१५ बसवल्यास सुमारे ३.५९. पहिला फरक चढावर जाणवेल, पण सहन होण्यासारखा आहे. दुसऱ्यात मात्र गाडी वरच्या गिअरमध्ये टिकत नाही, ऑटोमॅटिक असेल तर सतत गिअर शोधत राहते आणि गिअरबॉक्सचे तेल तापते. मॅन्युअल असेल तर तोच भार क्लचवर येतो. ३१५ लावून मूळची चाल परत मिळवायची असेल तर गुणोत्तर ४.२४ च्या आसपास हवे, म्हणजे व्यवहारात ४.३० चे गिअर, आणि तेही पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलमध्ये. हा खर्च टायरच्या किमतीत कुणी धरत नाही.

खडकाळ उतारावर हीच गोष्ट उलट बाजूने त्रास देते. समजा, पहिला गिअर ४.० आणि ट्रान्स्फर केसची (पुढच्या-मागच्या एक्सलला शक्ती वाटणाऱ्या गिअरपेटीची) लो रेंज २.७ आहे, तर ३.९० शी गुणून एकूण ४२ च्या आसपास गुणोत्तर मिळते. ३१५ टायरमुळे ते परिणामतः ३९ च्या खाली येते. ज्या उतारावर पूर्वी इंजिनच गाडी धरून ठेवत असे, तिथे आता ब्रेकवर पाय ठेवावा लागतो. आणि ब्रेकही आता थोडे कमजोर झालेले असतात, कारण तीच डिस्क अधिक त्रिज्येच्या चाकाला थांबवत असते. पॅडचा दाब तोच ठेवला तर जमिनीवर मिळणारे रोधक बल २८५ मध्ये साडेतीन टक्क्यांच्या आत घटते, ३१५ मध्ये सुमारे आठ टक्क्यांनी. वजनाचा परिणाम याहून निराळा. रस्त्यासाठीचा मूळ टायर साधारणपणे वीस किलोच्या आत असतो, तर जाड कार्कसचा (आतल्या सांगाड्याचा) २८५/७० पंचवीस किलोच्या आसपास जातो. हे वजन स्प्रिंगच्या खाली असते, चाकाबरोबर फिरते आणि बहुतांशी परिघाजवळ असते. त्यामुळे वेग घेताना, थांबताना आणि खड्ड्यातून जाताना ते आकड्यापेक्षा जास्त जाणवते.

स्पीडोमीटरचीही नोंद घ्यावी. २८५ वर काटा १०० दाखवत असताना चाक मूळच्या तुलनेत १०३.५ च्या हिशेबाने धावते, ३१५ वर १०८.७ च्या. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवू नये, अशी संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमावलीची अट आहे. जास्त दाखवण्याची मुभा मात्र आहे. त्यामुळे कारखान्यातून निघालेला काटा सहसा थोडा पुढेच असतो, आणि साडेतीन टक्क्यांचा फरक पुष्कळदा त्यातच जिरतो. पावणेनऊ टक्के जिरत नाहीत. तिथे कॅलिब्रेशन करून घेणे अपरिहार्य ठरते, आणि तोवर ओडोमीटर कमी अंतर मोजत असल्याने तेल बदलण्याची वेळही नकळत पुढे जाते.

सडसडीत

दोनच पर्यायांत चर्चा चालली आहे, म्हणून तिसरा मांडतो: २५५/८० आर १७. व्यास सुमारे ८४० मिलिमीटर, म्हणजे २८५/७० पेक्षाही ९ मिलिमीटर जास्त, आणि रुंदी मूळ टायरपेक्षा १० मिलिमीटर कमी. मूळ रिमवर बसतो, वरच्या कंट्रोल आर्मपासून मूळ टायरपेक्षाही किंचित दूर राहतो आणि वळताना कमानीत कमी जागा घेतो. ज्यांना जमिनीपासूनची उंची हवी आहे आणि कापाकापी नको आहे, त्यांच्यासाठी उंच आणि अरुंद टायर हेच शहाणपणाचे उत्तर आहे. जिथे चिखलाचा थर वर आणि खाली कठीण जमीन असते, तिथे अरुंद टायर थर कापून खालच्या जमिनीला पोहोचतो. रुंद टायर वर तरंगत घसरत राहतो. नदीपात्रातून जातानाही त्याला पाण्याचा विरोध कमी होतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. हे माप थोड्याच नक्ष्यांत मिळते आणि बहुतेक ठिकाणी जड, जास्त प्लाय रेटिंगच्या (थरांच्या ताकदीच्या मानाच्या) रूपातच मिळते. लांबच्या प्रवासात टायर फाटला तर त्याच मापाचा दुसरा चटकन हाती लागेल याची शाश्वती नाही.

वाळूचा_माणूस

सडसडीत यांच्या चिखलाविषयीच्या मताशी सहमत आहे, पण ते सगळीकडे लागू करू नये. मऊ वाळूत आणि खोल बर्फात खाली कठीण थर नसतोच, तिथे तरंगणे हेच काम असते. आइसलँडमधील हिमनद्यांवर चालणाऱ्या गाड्या अडतीस ते चव्वेचाळीस इंचांचे रुंद टायर लावून हवा पाच पीएसआयच्याही खाली नेतात, ते याच कारणासाठी.

मात्र एक भेद लक्षात ठेवावा. हवा कमी केली की टायरचा जमिनीवरचा ठसा रुंदीत फारसा वाढत नाही, लांबीत वाढतो, आणि वाळूत उपयोगी पडते ती ही लांबीच. म्हणून व्यास आणि साइडवॉलची उंची महत्त्वाची. २८५/७० ची साइडवॉल जवळपास २०० मिलिमीटर आहे, २५५/८० ची २०४; या दृष्टीने दोघांत निवडण्यासारखे काही नाही. नुसती रुंदी वाढवून हवा तशीच ठेवली, तर टायर स्वतःपुढे वाळूचा बांध ढकलत बसतो. साध्या रिमवर पंधरा पीएसआयच्या खाली गेल्यास तीव्र वळण घेऊ नये, टायरची बीड (रिमला धरून बसणारी कड) रिमवरून निसटू शकते. आणि डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी हवा पुन्हा भरायचीच. कमी हवेच्या टायरची साइडवॉल वेगात तापून फुटते.

वळणवाट

सर्वांचे आभार. गॅरेजमध्ये स्प्रिंग काढून २८५/७० चे मागून आणलेले चाक मूळ रिमवर लावून पाहिले. पूर्ण दाबावर सरळ स्थितीत कुठेही घासत नाही आणि वरच्या आर्मपासून बोटभर अंतर राहते. स्टिअरिंग पूर्ण वळवले की कमानीच्या मागच्या बाजूला, प्लास्टिकच्या अस्तराला आणि त्यामागे बॉडी जिथे चॅसिसवर टेकते त्या माउंटच्या कोपऱ्याला टायर लागतो. प्लास्टिक कापायला हरकत नाही, पण माउंट कापावे असे वाटत नाही. बंप स्टॉप वाढवून हे टाळता येईल का? आणि चॅसिस व बॉडी यांमध्ये ठोकळे घालून बॉडीच उचलावी, असेही एकाने सुचवले आहे.

शेवटचा_धक्का

माउंटला हात लावण्याआधी अलाइनमेंट पाहा. लिफ्टनंतर कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे कललेला कोन) बहुधा कमी होतो. तो परत आणताना चाक पुढे सरकवता येते, पण कुठून समायोजन करता यावर ते अवलंबून आहे. खालच्या कंट्रोल आर्मच्या बोल्टवर कॅम (बोल्ट फिरवला की आर्म सरकवणारी चकती) असेल, तर त्यातून खालचा बॉल जॉइंट पुढे ढकलून कॅस्टर वाढवायला सांगा: चाक काही मिलिमीटर पुढे जाते, मागचे माउंट सुटते आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंगही स्थिर होते. याउलट, नवा वरचा आर्म लावून वरचा बॉल जॉइंट मागे घेतलात तर कॅस्टर तेवढाच मिळतो, पण चाक जवळपास जागच्या जागी राहते. अलाइनमेंट करणाऱ्याला नुसते «कॅस्टर हिरव्या पट्ट्यात आणा» म्हटले तर तो त्याला सोयीचे तेच करील, म्हणून हे स्पष्ट सांगावे. चाक पुढे गेल्यावर बंपरच्या बाजूचे अंतर पुन्हा तपासा.

बंप स्टॉप वाढवणे हा प्रामाणिक उपाय आहे, पण त्याची किंमत प्रवासातून वसूल होते. २० मिलिमीटर वाढवलात की चाकाची वर जाण्याची हालचाल तेवढी घटली, आणि सस्पेन्शन लवकर तळ गाठू लागले. वर मी लिफ्टने काही मिळत नाही असे म्हटले, त्याचा दुसरा अर्धा भाग हा: लिफ्टमुळे वरच्या दिशेचा प्रवास वाढलेला असतो, त्यातला थोडा परत देऊन टायरला जागा करता येते. तुमच्या ५० पैकी १० ते १५ दिले तरी २८५ ला पुरेल. ३१५ ला ३५ द्यावे लागतील, मग लिफ्ट केली कशाला, हा प्रश्न उरतोच. आणि मागचे माउंट तर त्यात कापावेच लागेल.

बॉडी लिफ्टने बॉडी आणि टायर यांत खरोखर अंतर वाढते, पूर्ण दाबावरही. पण तुमची अडचण माउंटच्या कोपऱ्याशी आहे, तो चॅसिसला जोडलेला आहे आणि बॉडीबरोबर वर येणार नाही. शिवाय स्टिअरिंगचा दांडा, रेडिएटरचे पाइप आणि बंपर यांची जुळवाजुळव पुन्हा करावी लागते. तुमच्या बाबतीत तो उपाय गैरलागू आहे.

स्टेपनी_कुठे

इतक्या चर्चेत स्टेपनीचे नावही निघाले नाही, याचे आश्चर्य वाटले. मागच्या बाजूला चॅसिसखाली टांगलेली असेल तर ८३१ मिलिमीटर व्यासाचे चाक तिथे बसते का, बसल्यावर सायलेन्सरच्या नळीपासून किती दूर राहते आणि त्याचा खालचा भाग उतरताना आधी जमिनीला टेकतो का, हे टायर विकत घेण्यापूर्वी पाहा. मागच्या दारावर असेल तर बिजागऱ्यांवर येणारे जादा वजन पाहा. «चार मोठे आणि स्टेपनी जुनी» हा मार्ग फोर-व्हील ड्राइव्हच्या गाडीत धोक्याचा आहे. एकाच एक्सलवर वेगळ्या व्यासाची चाके असतील तर डिफरन्शियल सतत फिरत राहते, आणि पुढचा-मागचा एक्सल जोडलेला असेल तर कठीण रस्त्यावर ट्रान्स्फर केसला ताण येतो. पाच टायर घ्यावे लागतात, आणि ३१५ चा विचार करणाऱ्यांनी पाच रिमही धरावेत.

दुसरी गोष्ट लोड रेंजची. एकाच २८५/७० मापात सी आणि ई असे दोन प्रकार मिळतात. सी म्हणजे सहा प्लाय रेटिंग आणि ५० पीएसआयपर्यंत दाब, ई म्हणजे दहा प्लाय रेटिंग आणि ८० पीएसआयपर्यंत. गाडीत कायम सामान, विंच आणि छतावर तंबू असेल तर ई योग्य. एरवी त्याची कडक साइडवॉल रिकाम्या गाडीत उगाच दणके देते आणि हवा कमी केली तरी पुरेशी पसरत नाही. प्रश्नकर्त्यांचा वापर पाहता मी सी घेतला असता. मूळ टायरचा भारांक ११५ असेल तर तो १,२१५ किलोचा असतो. नव्या टायरचा भारांक त्याच्या खाली जाता कामा नये, एवढे दुकानात वाचून घ्यावे.

दारावरच्या पट्टीवर छापलेला हवेचा दाब आता तसाच वापरू नका. एलटी (लाइट ट्रक) वर्गाच्या टायरला तोच भार पेलण्यासाठी जास्त दाब लागतो, आणि तो किती, हे टायर बनवणाऱ्याच्या भार-दाब तक्त्यातून काढायचे असते. त्यानंतर बारीक जुळवणी खडूने करता येते: टायरच्या नक्षीवर आडवी रेघ ओढून सपाट रस्त्यावर थोडे सरळ चालवा. रेघ मधूनच पुसली गेली तर हवा जास्त आहे, कडांनीच पुसली गेली तर कमी. मात्र तक्त्यातील किमान दाबाच्या खाली खडू काहीही सांगो, रस्त्यावर जाऊ नये.

वळणवाट

खालच्या आर्मवर कॅम आहे. अलाइनमेंटमध्ये चाक पुढे घेतल्यावर माउंटपासून दहा मिलिमीटर अंतर मिळाले, बंपरकडेही मोकळे आहे. प्लास्टिकचे अस्तर थोडे कापले आणि पुढच्या बंप स्टॉपखाली १० मिलिमीटरची चकती घातली. स्टेपनीची जागा मोजली. ८३१ बसते, ८४० सायलेन्सरला टेकते, त्यामुळे २५५/८० चा प्रश्न तिथेच मिटला. सी लोड रेंजचे पाच २८५/७० मागवले आहेत आणि मूळ रिमच ठेवतो आहे.

तळाचा_गिअर

योग्य निवड. टायर बसवल्यावर हेडलाइटचा झोत खाली करून घ्या, लिफ्टनंतर तो राहिला असेल तर समोरच्यांच्या डोळ्यांत जात असणार. आणि चाकांचे नट थोडे अंतर चालवल्यावर टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.